तुम्ही विचारलंत म्हणून : कंबरदुखीसाठी घरी मसाजचे कोणते साधन घ्यावे?

‘कंबर सारखी भरून येते, घरी ठेवायला कोणता मसाजर घेऊ?’ हा प्रश्न मला दवाखान्यात जितका विचारला जातो, त्याहून अधिक लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या जिन्यात आणि मोबाइलवर विचारला जातो. बहुतेक वेळा सोबत एखाद्या यंत्राचे छायाचित्र असते आणि विचारणाऱ्याचा निर्णय जवळपास झालेला असतो. फिजिओथेरपिस्ट म्हणून माझे उत्तर थोडक्यात असे, की ज्यांना भिंतीला टेकून उभे राहता येते त्यांनी आधी दोन टेनिस चेंडू आणि एक लांब पायमोजा घ्यावा; ज्यांना तेही अवघड वाटते त्यांनी हातात धरण्याचा वाकडा आकडा पाहावा; आणि विजेवर चालणाऱ्या यंत्राचा विचार त्यानंतर करावा. साधन निवडताना त्याची ताकद किती यापेक्षा दाब कुठे, किती आणि कधी थांबवायचा हे वापरणाऱ्याच्या हाती किती राहते, ते मला महत्त्वाचे वाटते.

मात्र साधनाचे नाव सांगण्याआधी मी समोरच्याला एक बोट ठेवून दुखरी जागा दाखवायला सांगते. बहुसंख्य लोक कण्याच्या एका बाजूला, खुब्याच्या हाडाच्या किंचित वर बोट ठेवतात, किंवा नितंबाच्या वरच्या बाहेरच्या भागावर. या दोन्ही जागी जाड स्नायू आहेत आणि तासन्‌तास बसून किंवा उभे राहून ते आखडतात. दुचाकीवर खड्डे चुकवत रोज ये-जा करणाऱ्यांना हे वेगळे सांगावे लागत नाही. अशा दुखण्यात मसाजचा उपयोग होण्याची शक्यता चांगली असते. परंतु बोट एका जागी न थांबता नितंबावरून मांडीच्या मागे, गुडघ्याखाली, पोटरीपर्यंत सरकू लागले आणि सोबत मुंग्या किंवा बधिरपणा असला, तर दुखणे मज्जातंतूवरील दाबाचे असू शकते, आणि तिथे कोणतेही साधन घेण्याआधी तपासणी करून घ्यावी.

काही लक्षणांत तर मसाजचा विचारही करू नये. लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटणे, दोन्ही मांड्यांच्या मधला भाग बधिर होणे किंवा पाऊल उचलता न येणे, यांपैकी काही झाले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठले पाहिजे. पडल्यानंतर सुरू झालेले दुखणे, पूर्वी कर्करोग झालेल्या माणसाची नवी कंबरदुखी आणि रात्री झोपेतून उठवणारी कळ यांची तपासणी लांबणीवर टाकू नये. आपल्याकडे आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते, ती म्हणजे मणक्याचा क्षयरोग. संध्याकाळचा बारीक ताप, घटणारे वजन, रात्रीचा घाम आणि न हटणारी पाठदुखी असा मेळ दिसला, तर मसाजरवर पैसे न घालवता डॉक्टरांकडे जावे. हाडे ठिसूळ झालेल्या वृद्धांनी, रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी आणि गरोदर स्त्रियांनीही आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय कंबरेवर जोराचा दाब देऊ नये.

मसाजने नेमके होते काय, याविषयी दुकानात फार सैल बोलले जाते. स्नायूत ‘गाठ’ बसते आणि यंत्र ती फोडते, हे वर्णन ऐकायला सोपे आहे. पण फोडण्यासारखे तिथे काही नसते. त्वचेवर आणि स्नायूवर सहन होईल असा दाब पडला, की त्या स्पर्शाच्या संवेदना मज्जारज्जूकडे जाऊन वेदनेच्या संदेशांना काही प्रमाणात मागे सारतात आणि आखडलेला स्नायू थोडा सैल पडतो. हा परिणाम बहुधा काही तास टिकतो. वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आढाव्यातही, मसाजने कंबरदुखी अल्पकाळ कमी होऊ शकते, परंतु त्याचे पुरावे कमकुवत आहेत, असाच निष्कर्ष निघाला. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी ज्या मार्गदर्शक सूचना दिल्या, त्यांत व्यायाम आणि रुग्णाला नीट माहिती देणे यांच्यासोबत मसाजलाही स्थान आहे. उलट कंबरपट्टे आणि ट्रॅक्शन (म्हणजे वजन लावून कणा ताणणे) यांचा नेहमीच्या उपचारात वापर करू नये, असे म्हटले आहे. हे निष्कर्ष मुख्यतः प्रशिक्षित हातांनी केलेल्या मसाजविषयी आहेत. यंत्राच्या खोक्यावर छापलेली आश्वासने त्यांच्या आधारावर उभी नसतात.

आता चेंडूंविषयी, कारण माझा सर्वाधिक भरवसा त्यांच्यावर आहे. दोन टेनिस चेंडू पायमोज्यात शेजारी-शेजारी घालून मोज्याला घट्ट गाठ मारावी. टेनिसचा चेंडू साधारण साडेसहा सेंटिमीटर व्यासाचा असतो, आणि असे दोन चेंडू एकमेकांना चिकटले की मध्ये जी खाच तयार होते तिच्यात कणा मोकळा राहतो व दाब दोन्ही बाजूंच्या स्नायूंवर पडतो. गल्लीतल्या क्रिकेटमध्ये वापरून थोडे मऊ पडलेले चेंडू यासाठी अधिक चांगले; चामड्याचा सीझन बॉल मात्र घेऊ नये, कारण तो दबत नाही आणि स्नायू त्याच्याविरुद्ध आणखी आवळतो. भिंतीपासून एक पाऊल पुढे उभे राहून, गुडघे किंचित वाकवून चेंडूंवर पाठ टेकावी आणि गुडघे हळूहळू वाकवत-सरळ करत दुखरी जागा शोधावी. ती सापडली की तिथे थांबून, श्वास न रोखता, अर्धा ते एक मिनिट दाब ठेवावा. दहापैकी चार-पाच इतके दुखले तर चालते. त्याहून अधिक दुखत असेल, दात आवळले जात असतील किंवा श्वास अडत असेल, तर पाऊल भिंतीकडे सरकवले की दाब लगेच कमी होतो. हा बदल करण्यासाठी बटण शोधावे लागत नाही, आणि भिंतीवर चेंडू वापरण्याचा मी आग्रह धरते तो याच कारणासाठी. जमिनीवर चेंडूंवर झोपले की शरीराचा भार थेट त्यांच्यावर पडतो आणि त्यातून पटकन सुटता येत नाही.

कंबरेच्या दुखण्याचा मोठा वाटा नितंबांतील स्नायूंचा असतो, हे बहुतेकांना पटत नाही. तिथे एकच चेंडू पुरतो: भिंतीला कुशीने टेकून, खुब्याच्या हाडाच्या मागे मांसल भागावर तो ठेवावा. नितंबाच्या खालच्या मध्यभागातून मांडीत उतरणारी मोठी नस जाते, त्यामुळे पायात झिणझिण्या आल्या तर चेंडू तेथून वर सरकवावा. शेवटच्या बरगडीच्या खाली, पाठीच्या दोन्ही बाजूंना मूत्रपिंडे असतात, तिथेही जोर लावू नये. सगळे मिळून पाच ते सात मिनिटे पुष्कळ झाली. दुसऱ्या दिवशी ती जागा ठणकत असेल किंवा काळीनिळी दिसत असेल, तर दाब अधिक झाला असे समजावे.

फोम रोलरचे, म्हणजे अंगाखाली घेऊन लोळण्याच्या फोमच्या जाड नळकांड्याचे, नाव अलीकडे तरुण मंडळींकडून फार ऐकू येते. मांड्यांसाठी, नितंबांसाठी आणि पाठीच्या वरच्या भागासाठी तो चांगला आहे. कंबरेखाली घेऊन त्यावर लोळणे मात्र मला मान्य नाही. पाठीच्या वरच्या भागाला बरगड्यांचा पिंजरा आधार देतो, तसा आधार कंबरेच्या पाच मणक्यांना नाही. रोलरवर कंबर टाकली की ती मागे वाकते, मणक्यांच्या मागच्या सांध्यांवर भार येतो आणि जे स्नायू सैल करायचे तेच शरीर सावरण्यासाठी आवळले जातात.

वाकड्या आकड्याची माहिती आपल्याकडे कमी आहे. इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखा वळवलेला, टोकांना बोथट गोळे असलेला हा प्लास्टिकचा दांडा खांद्यावरून किंवा कुशीतून पाठीमागे नेता येतो आणि पुढून हाताने ओढला की गोळा दुखऱ्या जागी दाबला जातो. खुर्चीत बसूनही तो वापरता येतो, वीज लागत नाही आणि हात सैल सोडला की दाब संपतो. बोटांचे किंवा मनगटाचे सांधे दुखणाऱ्यांना तो जमत नाही, एवढीच त्याची मोठी अडचण.

सर्वाधिक विचारणा होते ती मसाज गनची, म्हणजे स्नायूंवर भराभर ठोके देणाऱ्या, हातात धरायच्या विजेच्या यंत्राची. २०१६ मध्ये बाजारात आलेल्या थेरागनपासून हे यंत्र घराघरांत पोहोचू लागले, आणि आज त्याच्या असंख्य नकला दोन-तीन हजार रुपयांपासून मिळतात. खोक्यावर मिनिटाला किती ठोके आणि सोबत किती डोकी (अंगावर टेकवायची बदलती टोके) एवढेच ठळक छापलेले असते. पाहायचे असते ते ठोक्याची खोली किती मिलिमीटर आहे, आणि डोके अंगावर दाबल्यावर मोटर किती जोरापर्यंत चालू राहते. दहा मिलिमीटर किंवा त्याहून अधिक खोली असेल तर ठोका स्नायूपर्यंत पोहोचतो. तीन-चार मिलिमीटरचे यंत्र त्वचेवर नुसते थरथरते. वापरताना मोठे, मऊ, गोल डोके लावावे, वेग सर्वात कमी ठेवावा, कण्याच्या हाडावर कधीही टेकवू नये आणि एका बाजूला एक-दोन मिनिटांहून अधिक वेळ देऊ नये. पण माझी खरी तक्रार वेगळीच आहे. सुमारे किलोभर वजनाचे हे यंत्र स्वतःच्या कंबरेवर धरण्यासाठी हात मागे वळवून मनगट तिरके करावे लागते, आणि त्या प्रयत्नात कंबरही वळते. मांडी आणि पोटरीसाठी ही गन सोयीची. कंबरेसाठी ती धरायला घरात दुसरे कोणी असेल तरच घ्यावी, आणि तो दुसरा माणूस ऐकणारा असावा.

फिरत्या गोळ्यांची, शेक देणारी जी उशी खुर्चीला बांधतात, ती कामावरून थकून येणाऱ्यांना आवडते, हे मी नाकारत नाही. गोळ्यांमधले अंतर ठरलेले असते, ते प्रत्येकाच्या पाठीला जुळतेच असे नाही. म्हणून दुकानात बसून पाहिल्याशिवाय ती घेऊ नये. पंधरा मिनिटांनी आपोआप बंद होणारीच घ्यावी, तिच्यावर झोपू नये, आणि मधुमेहामुळे त्वचेची संवेदना कमी झालेल्यांनी तिचा शेक बंद ठेवावा, कारण भाजल्याचे त्यांना कळत नाही. लाखभराच्या मसाज खुर्च्यांविषयी मला फारसे सांगायचे नाही. त्या आराम देतात आणि जागा अडवतात. विजेचे सौम्य झटके देणारी टेन्स यंत्रे मसाजर म्हणून विकली जातात, पण ती मसाज करत नाहीत, आणि पेसमेकर असणाऱ्यांनी ती वापरू नयेत.

घरगुती उपायांपैकी शेक मी मनापासून सुचवते. गरम पाण्याची पिशवी उकळत्या पाण्याने न भरता, दोन-तृतीयांश भरून, टॉवेलात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटे ठेवावी आणि मग चेंडू घ्यावे. आखडलेली कंबर दाब सोसायला अशी लवकर तयार होते. तिळाचे किंवा निर्गुडीचे तेल हाताने चोळायचे असेल तर उत्तम. चेंडू किंवा गन वापरायची असेल तेव्हा मात्र तेल नको, कारण साधन घसरते. लहान मुलाला पाठीवर चालवण्याची जी पद्धत अनेक घरांत आहे, ती मी थांबवायला सांगते. मुलाचा पाय कुठे पडेल हे मुलालाही ठाऊक नसते. कमरेत उसण भरली की पायाळू माणसाचा पाय लावून घेणारे अजूनही भेटतात. हळुवार पाय लावल्याने नुकसान नाही, लाथ मात्र मारून घेऊ नये. अचानक भरलेली उसण बहुतेकांची काही दिवसांत ते काही आठवड्यांत आपोआप ओसरते, त्यामुळे श्रेय शेवटच्या उपायाला मिळते.

मसाजनंतर मिळालेल्या मोकळ्या तासाचे काय करायचे, हे मी न विचारता सांगते: लगेच दहा-पंधरा मिनिटे चालून यावे आणि शिकवलेले व्यायाम तेव्हाच करावेत. दोन-तीन आठवडे असे करूनही तीच जागा रोज तितकीच दुखत असेल, तर अधिक ताकदीचे यंत्र आणू नये. कंबर कोणाला तरी दाखवावी.

राहिला परदेशातील मुलांचा प्रश्न, जे गावी आई-वडिलांना मसाजर पाठवू इच्छितात. अमेरिकेत घरगुती वीज १२० व्होल्टची आहे आणि आपल्याकडे २३० व्होल्टची. पिनेला लावण्याचा ॲडॉप्टर फक्त आकार जुळवतो, व्होल्टेज उतरवत नाही. यंत्रावर किंवा त्याच्या चार्जरवर १०० ते २४० व्होल्ट असे छापलेले नसेल, तर ते इथे पहिल्याच दिवशी जळू शकते. त्यापेक्षा इथल्या दुकानातून घ्यावे, म्हणजे दुरुस्तीचीही सोय राहते, आणि घेताना आई-वडिलांना सोबत नेऊन यंत्र त्यांच्याच हातात द्यावे. बटण त्यांना चष्म्याशिवाय सापडते का आणि चालू यंत्र ते एकट्याने बंद करू शकतात का, एवढे तिथेच पाहावे. बंद करता येत नसेल, तर ते घेऊ नये.