खत्सुन स्टेशनवर आप्पा राहिले

आमचं भोसरीत छोटं वर्कशॉप आहे, फरसाण मसाल्याची पाऊच पॅकिंग मशीन बनवतो, मी तिथं परचेस बघतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये मालक म्हणाले की चीनमधल्या ग्वांगझोऊच्या कँटन फेअरला, म्हणजे तिथल्या मोठ्या व्यापारी प्रदर्शनाला जाऊ, मशीनला लागणारे सर्वो मोटर आणि सेन्सर किती दिवस मुंबईच्या डीलरकडून घ्यायचे. मालक म्हणजे आप्पा, वय चौसष्ट, माळकरी, डोक्यावर पांढरी टोपी आणि बॅगेत दशम्या, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट. हे फेअर १९५७ पासून वर्षातून दोनदा भरतं, एप्रिलमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये, तीन टप्प्यांत, आणि मशीनवाल्यांचा पहिला टप्पा असतो. हे आधी बघून घ्या, नाहीतर पंप बघायला जाल आणि समोर पडदे चादरी.

तेव्हा थेट विमान नव्हतं, बँकॉकवरून गेलो. आता २०२५ च्या शेवटापासून कोलकाता आणि दिल्लीहून थेट आहे, तेवढा त्रास वाचला.

तयारी मी जोरदार केली होती. अलीपे हे तिथलं पैसे द्यायचं ॲप टाकून त्याला आपलं क्रेडिट कार्ड जोडलं (दोनशे युआनच्या वरच्या पेमेंटला तीन टक्के कापतात, म्हणून मोठं बिल तोडून द्यायचं), नकाशासाठी अमॅप घेतलं कारण तिथं गूगल मॅप तुम्हाला रस्त्याच्या भलत्याच बाजूला उभं करतं. इथूनच इंटरनॅशनल रोमिंग मारलं, म्हणजे व्हॉट्सॲप गूगल सगळं चालतं, हॉटेलच्या वायफायवर यातलं काही चालत नाही. पण हे सगळं माझ्या एकट्याच्या फोनवर. आप्पा म्हणाले मला कशाला रोमिंग, तुझ्या हॉटस्पॉटवर घरी व्हिडिओ कॉल करीन की. मी पण म्हटलं चला, पैसे वाचले. पासपोर्ट दोघांचे माझ्याच बॅगेत, हरवायला नकोत म्हणून. खरं तर परदेशी माणसानं तिथं पासपोर्ट स्वतःजवळच ठेवायचा असतो, नियमच आहे. ही माझी अक्कल.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाला फेअर बंद झालं आणि सगळी दुनिया एकदमच मेट्रोकडे निघाली. प्रत्येक स्टेशनला बॅगा एक्सरेत टाकायच्या, त्याची वेगळी लाईन. मी मोबाईलच्या क्यूआरवर आत जायचो, पण एका फोनच्या कोडवर एकच माणूस जातो, म्हणून आप्पांना मशीनवर प्लास्टिकचं गोल टोकन काढून द्यायचो, जत्रेतल्या पाळण्याचं असतं तसं. फेअरजवळच्या पाझोऊ स्टेशनहून आठ नंबरची लाईन धरून खत्सुनला उतरायचं आणि तिथून तीन नंबर. तीन नंबरची गर्दी म्हणजे आपली विरार लोकलच, फक्त कुणी लटकत नाही एवढंच.

माझ्या दोन्ही हातात कॅटलॉगच्या पिशव्या, एकेक सात आठ किलोची, फेअरमध्ये प्रत्येक स्टॉलवाला जबरदस्तीनं हातात देतो. गाडी आली, मी रेट्यात आत गेलो, वळून बघतो तर आप्पा एका बाईची बाबागाडी आधी जाऊ देतायत. टीं टीं झालं आणि काचेचं दार बंद. काचेपलीकडं आप्पा, टोपी थोडी तिरकी, आणि गाडी हलली तसा त्यांनी हात वर केला, एसटी सुटल्यावर फाट्यावर उभा राहिलेला माणूस करतो ना, तसा. माझ्या पोटात गोळाच आला. त्यांच्या फोनमध्ये इंडियाचं सिम, रोमिंग नाही, नेट नाही. पासपोर्ट माझ्याकडं. खिशात शंभर युआनची एक नोट, टोकन आणि हॉटेलचं कार्ड.

पुढचं स्टेशन कँटन टॉवर. तिथं उतरलो, पलीकडची गाडी धरून परत खत्सुनला आलो, पंधरा मिनिटं तरी गेली. आप्पा नाहीत. सगळा प्लॅटफॉर्म पालथा घातला, नाहीत. फोन सहा टक्क्यांवर. तिकडं दुकानादुकानात पॉवर बँकचे कप्पे असतात, कोड स्कॅन करायचा आणि भाड्यानं घ्यायची, पण स्कॅन करायला फोन जिवंत लागतो हे ध्यानात ठेवा, एक टक्क्यावर सुचून उपयोग नाही. मी धावत वर काउंटरला गेलो. युनिफॉर्ममधली एक पोरगी होती, तिला इंग्लिश नाही, मला चिनी नाही. ट्रान्सलेटरवर लिहिलं, माझे साहेब हरवलेत, वय चौसष्ट, डोक्यावर पांढरी टोपी. तिनं वाचलं आणि स्वतःच्या डोक्यावर हातानं उंच गोल आकार करून दाखवला, बहुतेक तिला शेफची टोपी वाटली. मग सकाळी फेअरच्या गेटवर काढलेला फोटो दाखवला. ती वॉकीटॉकीवर काहीतरी बोलली, मग माझ्या फोनकडं बघून खालून चार्जरची वायर काढून दिली. काही विचारलं नाही, दिलीच.

दहा एक मिनिटांनी वॉकीटॉकी खरखरली आणि ती हसली. आप्पा कँटन टॉवरला होते! म्हणजे त्यांनी डोकं चालवलं की पोरगा पुढच्या स्टेशनला उतरणार, म्हणून मागची गाडी धरून तिथं गेले, आणि मी त्याच वेळी उलटा निघालो होतो. दोघांचंही बरोबर आणि दोघंही चुकलेले. सकाळी निघताना एवढंच ठरवायला हवं होतं की मागं राहील तो जागचा हलणार नाही.

तिथं पोचलो तर आप्पा काउंटरमागच्या खुर्चीत आरामात, हातात कागदी कप, त्यात गरम पाणी, तिथं गारेगार पाणी कुणी देतच नाही. समोर टेबलावर हॉटेलचं कार्ड. ते चिनी अक्षरातलं होतं म्हणून काम झालं, मेट्रोवाल्यांनी थेट हॉटेलला फोन लावला होता, हॉटेलात पासपोर्टची नोंद होती, नावासकट सगळं जुळलं. इंग्लिशमधला पत्ता तिथं टॅक्सीवाल्यालासुद्धा कळत नाही, चेक इन करतानाच रिसेप्शनवरून असली दोन कार्डं मागून घ्या आणि प्रत्येकाच्या खिशात एक. आप्पांनी दोन कर्मचाऱ्यांना दशमीचे तुकडे दिले होते, एक जण खाऊन बघत होता, दुसऱ्यानं नुसताच फोटो काढला. मला बघून म्हणाले, ‘अरे होतास कुठं? मी म्हटलं हरवलास की काय.’

मी काय बोलणार. पासपोर्ट काढला आणि त्यांच्या हातात दिला.

बाहेर आलो तर टॉवर समोरच, सहाशे मीटर, सगळे रंग पालटत होता. आप्पांनी मान वर करून एकदा बघितलं आणि म्हणाले, ‘आता टॅक्सी कर बाबा, त्या दारातनं परत नको.’ अलीपेमध्येच दीदी नावाचं टॅक्सी बोलावायचं ॲप असतं, इंग्लिशमध्ये चालतं, गाडी बोलावली. गाडीचा नंबर नीट जुळवून बघा, आणि ड्रायव्हर बसल्या बसल्या तुमच्या मोबाईल नंबरचे शेवटचे चार आकडे विचारतो, ते स्क्रीनवर टाइप करून दाखवले की झालं. सीटवर टेकलो, मग जाणवलं की मांडीवर एकच पिशवी आहे. दुसरी खत्सुनच्या काउंटरवर, चार्जरच्या वायरीशेजारी. आणि सर्वो मोटरवाल्याचं कोटेशन नेमकं तिच्यात.