एर्दिग: घात दीड फुटाने केला

वेल्समधल्या रेक्समजवळ एर्दिग नावाचा वाडा आहे. नावात इंग्रजी 'डी' दोनदा येतो, पण वेल्शमध्ये त्याचा उच्चार मऊ 'द'च्या जवळ जातो. १६८०च्या दशकात एडिसबरी यांनी तो बांधला आणि कर्जात बुडाले. पुढे लंडनचे वकील जॉन मेलर यांनी तो घेऊन दोन्ही बाजूंना वाढवला. १७३३ मध्ये मेलर वारल्यावर वाडा त्यांच्या भाच्याकडे, सायमन यॉर्ककडे आला आणि १९७३ पर्यंत यॉर्क घराण्यातच राहिला. या मंडळींनी काही टाकून दिलं नाही, म्हणून आज तिथे सुमारे ३०,००० वस्तू आहेत. त्यांत नोकरचाकरांची तैलचित्रंही आहेत, आणि त्यांवर प्रत्येकाबद्दल कविता लिहिलेली!

विसाव्या शतकात वाड्याखालचा कोळसा बर्शम खाणीने काढला. कोळसा काढला की वरची जमीन उथळ परातीसारखी बसते. एर्दिगचं एक टोक पाच फूट खचलं, दुसरं साडेतीन. सगळी इमारत सारखी खचली असती, तर फारसं बिघडलं नसतं. घात केला तो दीड फुटाच्या फरकाने. भिंतींना तडे गेलेच, पण खरं नुकसान पाण्याने केलं. छताच्या कडेच्या कठड्यामागच्या शिशाच्या पन्हळीला साधारण ऐंशी फुटांना एक फूट एवढाच उतार असतो. इमारत थोडी कलली तरी तो सपाट होतो किंवा उलटतो. मग पाणी तुंबतं, शिशाच्या सांध्यांवरून आत शिरतं, तुळयांची टोकं कुजवतं आणि छतातून खाली उतरतं. इथे ते १७२०च्या सुमाराच्या चिनी रेशमी पडद्यांच्या पलंगापर्यंत पोचलं.

१९७३ मध्ये फिलिप यॉर्क यांनी वाडा नॅशनल ट्रस्टला, म्हणजे ब्रिटनमधल्या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेला, दिला. खाण चालवणाऱ्या सरकारी कोळसा मंडळाची भरपाई १,२०,००० पौंड. ती पुरणार नव्हती, म्हणून ६३ एकर जमीन विकून सुमारे दहा लाख पौंड उभे केले.

अशा कामात क्रम चुकवून चालत नाही. आधी जमीन स्थिर झाली का ते पाहायचं, मग छप्पर आणि पन्हळी, आणि आतल्या खोल्या सर्वांत शेवटी. ओल्या भिंती हळूहळू सुकू द्यायच्या. घाईने तापवल्या तर क्षार पृष्ठभागावर येऊन गिलावा फुगतो, लाकूड तडकतं. सांधे भरायला चुनाच हवा. सिमेंट ओल कोंडतं, आणि इमारत जरा हलली की तेच आधी तडकतं.

एवढं झाल्यावरही राखण संपत नाही. अशा घरांत हीटर तापमान पाहून चालवत नाहीत, हवेतली आर्द्रता साधारण ५० ते ६५ टक्क्यांत राहावी म्हणून चालवतात. रेशमावर ५० लक्सपेक्षा (लक्स हे उजेड मोजायचं एकक) जास्त उजेड पडू देत नाहीत. खोली गार आणि अंधारी वाटते, ती त्यामुळे.

१९७७ मध्ये वाडा लोकांसाठी उघडला. प्रवेश दर्शनी दारातून न ठेवता सुतारखाना, लोहारखाना आणि तबेल्यांच्या आवारातून ठेवला. माझ्या मते संपूर्ण कामातला हा सर्वांत योग्य निर्णय: वाडा ज्यांच्या हातांवर चालला, त्यांच्या कामाच्या जागा आधी दिसतात, मालकांचे दिवाणखाने नंतर.