रास्पबेरी पायवरच्या मेनफ्रेमचं घड्याळ : साडेपाच तासांचा घोळ सुटला

रास्पबेरी पाय ४ या छोट्या कॉम्प्युटरवर हर्क्युलिस (जुन्या आयबीएम मेनफ्रेमची, म्हणजे मोठ्या कॉम्प्युटरची, नक्कल करणारा प्रोग्रॅम) चालवला, त्यावर एमव्हीएस ३.८ ही मेनफ्रेमची ऑपरेटिंग सिस्टम उभी राहिली, पण घड्याळानं महिनाभर पिच्छा सोडला नाही. आमचं गाव आर्वी तालुक्यातलं. इथं लाइनचा भरवसा नाही आणि पाय ४ मध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळ नाही. लाइन आली की तो दर तासाला जपलेली शेवटची वेळ घेऊन उठतो. नेट नसेल तर तीच खरी धरतो. हर्क्युलिस त्याच्याकडून वेळ घेतं, एमव्हीएस हर्क्युलिसकडून. एकदा दुपारी दोनला चालवलेला जॉब (मेनफ्रेमला दिलेलं काम) लॉगमध्ये ९.२७ चा निघाला, सकाळच्या ९.५० च्या जॉबच्याही आधीचा!

म्हणून डीएस३२३१ या बॅटरीवर चालणाऱ्या घड्याळाच्या चिपचं मॉड्यूल आणून चार तारांनी जोडलं आणि पायमधली ती जपलेल्या वेळेची सोय काढून टाकली. आता नेट नसलं तरी वेळ बरोबर.

तरी रात्री ८.४० ला कन्सोलवर 'डी टी' (वेळ दाखवण्याची आज्ञा) दिलं तर लोकल ०२.१०, तारीख उद्याची. जीएमटीच्या (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं असलेल्या ग्रीनिच वेळेच्या) जागी मात्र २०.४०. तिथंच उलगडलं : हर्क्युलिसच्या कॉन्फिगमध्ये टीझेडऑफसेट (वेळेतला फरक) +०५३० होता आणि एमव्हीएसच्या सेटिंग्ज ठेवणाऱ्या पार्मलिबच्या पार्मटीझेडमध्येही 'ई,०५.३०.००'. साडेपाच तास दोनदा मिळवले जात होते. मी पहिला शून्य केला, दुसरा ठेवला. कारण टीओडी घड्याळ, म्हणजे मशीनचं स्वतःचं घड्याळ, मुळात जीएमटीवरच चालायला हवं. ६४ बिटांचा हा आकडा १ जानेवारी १९०० पासून मोजतो, ५१ वा बिट दर मायक्रोसेकंदाला एकानं वाढतो, आणि १७ सप्टेंबर २०४२ ला तो भरून पुन्हा शून्यावर येईल. छोट्या असेंब्लर प्रोग्रॅममध्ये एसटीसीके ही टीओडी वाचणारी सूचना वापरून वरचे ३२ बिट छापत बसलो, दर १.०४८५७६ सेकंदाला एक आकडा पुढं. तासभर उठवलं नाही.

कन्सोलवरून 'सेट क्लॉक' देऊन वेळ दुरुस्त करू नका. त्यानं फक्त लोकल वेळ हलते, टीओडी जागेवरच राहतं. सिस्टम/३७० या आयबीएमच्या खऱ्या मेनफ्रेमवर टीओडी लावायचं तर ऑपरेटरला वेळ देऊन मशीनवरचा टीओडी स्विच नेमक्या क्षणी दाबावा लागे. ते माझ्या हातून कधी घडणार नाही, याची खरंच हळहळ वाटते.

पंधरा दिवसांनी मोबाइलशी ताडलं, दोन सेकंदांचा फरक. घड्याळाच्या चिपची खात्री अशी की ४० अंशांपर्यंत दशलक्ष सेकंदांत फार तर २ सेकंद चुकेल, त्यापुढं ३.५. आमची खोली टिनाची, म्हणून मे लागायच्या आत पायचा डबा माजघरात हलवतोय.