नळी चावली, फुफ्फुसात पाणी

शस्त्रक्रिया आटोपली, भूल उतरतेय आणि तिशीतला धडधाकट पेशंट तोंडातली श्वासाची नळी दातांत करकचून आवळतो. किंवा नळी काढताच स्वरतंतू मिटतात, म्हणजे लॅरिंगोस्पाझम. छाती आत खेचली जाते, पोट वर येतं, पण मास्कची पिशवी हलत नाही.

शांत श्वासात छातीतला दाब जेमतेम काही सेंटिमीटर पाण्याइतका खाली जातो. बंद वाटेशी झगडताना तो उणे 50 ते 100 पर्यंत उतरतो. त्या ओढीने रक्त छातीत लोटतं आणि केशवाहिन्यांतलं पाणी वायुकोशांत झिरपतं. एवढं खेचायला ताकद लागते, म्हणूनच हे जास्त करून जिमवाल्या तरुणांना होतं.

चावल्यावर जबडा उचकटत बसू नका. नळीच्या टोकाजवळच्या फुग्याची (कफची) हवा सोडा, नळीच्या कडेने तरी श्वास जाईल, सोबत प्रोपोफॉल हे भुलीचं औषध. खरा उपाय आधीचा: गॉजची घट्ट गुंडाळी दाढांमध्ये. समोरच्या दातांत नको, दात तुटतात. अन् पेशंट पुरता जागा होईपर्यंत ती गुंडाळी काढू नका. घाई नेमकी इथेच होते.

स्पाझम असेल तर जबडा पुढे, कानाच्या पाळीमागच्या खोबणीत दोन्हीकडून जोरात दाब, घट्ट मास्क, 100 टक्के ऑक्सिजन. नाही सुटला तर प्रोपोफॉल किलोमागे अर्धा मिलिग्रॅम. तरीही सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी, घसरत असेल तर स्नायू सैल करणारं सक्सामेथोनियम.

वाट मोकळी झाली की सगळे निर्धास्त होतात, आणि थोड्याच वेळात सक्शनमध्ये गुलाबी फेस दिसतो. एक्स-रेत दोन्ही फुफ्फुसं पांढुरकी, हृदयाचा आकार नेहमीचा. फ्रुसेमाइडकडे, म्हणजे लघवी वाढवणाऱ्या औषधाकडे, हात आपोआप जातो, पण बिघाड अंगात पाणी वाढल्याचा नाही. काम करतो तो ऑक्सिजन आणि 5 ते 10 सेंटिमीटरचा पीप (श्वास सोडल्यावरही फुफ्फुसात टिकवलेला दाब), मास्कने किंवा परत नळी घालून. बहुतेकांचं फुफ्फुस 24 ते 48 तासांत निवळतं.

ठाण्यात नौपाड्यातल्या छोट्या नर्सिंग होममध्ये व्हेंटिलेटर नसेल, तर हलवायचा निर्णय फेस दिसताच घ्या. संध्याकाळी सातला घोडबंदर रोडवर अॅम्ब्युलन्ससुद्धा अडकते, सिलिंडरचा हिशेब त्या वेळेचा करा.

फेस काही तास उशिरानेही येऊ शकतो. स्पाझम होऊन गेलेल्या डे-केअर पेशंटला संध्याकाळच्या लोकलने दिव्याला धाडू नये. रात्रभर ठेवा, ऑक्सिजन काढून सॅच्युरेशन पाहा, आणि नवा खोकला सुरू झाला तर आधी छातीला स्टेथोस्कोप लावा, कफ सिरप नंतर.