बायनरी एका प्रोसेसरची, संगणक दुसऱ्याचा

गणिती सॉफ्टवेअरची तयार बायनरी, म्हणजे आधीच यंत्रभाषेत रूपांतरित केलेली फाइल, उतरवून घेतली, फाइल शाबूत आहे, प्रोग्राम सुरूही होतो. पण दोन प्रचंड संख्यांचा गुणाकार सांगताच पडद्यावर ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ एवढे दोनच शब्द उमटतात आणि सगळे बंद पडते. जुन्या-नव्या संगणकांची सरमिसळ असलेल्या प्रयोगशाळेची देखभाल ज्यांच्याकडे असते, त्यांना हा अनुभव नवा नाही. अशा वेळी बहुतेक जण रॅमवर किंवा अर्धवट डाउनलोडवर संशय घेतात आणि तेच पॅकेज पुन्हा उतरवतात. त्याचा उपयोग होत नाही, कारण प्रोसेसरपुढे आलेली आज्ञा त्याच्या आज्ञासंचातच नसते.

गणिती सॉफ्टवेअरमध्येच हे इतके का घडते, याचे उत्तर जीएमपी या लायब्ररीत पाहावे. विल्यम स्टाइन यांनी 2005 मध्ये सुरू केलेले सेज हे गणिती सॉफ्टवेअर मोठ्या पूर्णांकांसाठी तिच्यावरच अवलंबून आहे, आणि तिचा गाभा प्रोसेसरच्या पिढीनुसार वेगवेगळ्या असेम्ब्लीत, म्हणजे थेट प्रोसेसरच्या आज्ञांच्या भाषेत, लिहिलेला आहे. इंटेलने 2013 च्या हॅसवेल या प्रोसेसर-पिढीत फ्लॅग (हातच्यासारख्या स्थितीची नोंद ठेवणारे बिट) न बदलता गुणाकार करणारी मल्एक्स ही आज्ञा आणली आणि पुढच्या ब्रॉडवेलमध्ये एडीसीएक्स व एडीओएक्स या बेरजेच्या आज्ञा आणल्या. या दोन आज्ञा हातचा वेगवेगळ्या फ्लॅगमध्ये ठेवतात, त्यामुळे हातच्याच्या दोन साखळ्या एकमेकींना न अडवता पुढे सरकतात. मोठ्या गुणाकारात हा फायदा खरोखर मोठा आहे. मात्र ब्रॉडवेलवर जीएमपी बांधली, म्हणजे स्रोतापासून तिची बायनरी तयार केली, की तिची कॉन्फिगर स्क्रिप्ट समोरचा प्रोसेसर ओळखून याच आज्ञांच्या फाइली निवडते. आणि ती बायनरी 2011 च्या सँडी ब्रिजवर नेली, की पहिल्याच मोठ्या गुणाकाराला कोसळते.

संगणक किती जुना आहे, एवढ्यावरूनही अंदाज बांधता येत नाही. हॅसवेल पिढीतल्याच पेंटियम आणि सेलेरॉन चिपमध्ये एव्हीएक्स (एकाच वेळी अनेक संख्यांवर काम करणाऱ्या आज्ञांचा संच) बंद ठेवलेले होते. आभासी यंत्रात तर, ते चालवणाऱ्या क्यूईएमयू या प्रोग्रामचे मूळ प्रोसेसर मॉडेल जाणूनबुजून साधे असते. खालचे यंत्र कितीही नवे असले तरी पाहुण्या प्रणालीला एव्हीएक्स दिसत नाही. प्रोसेसरला कोणत्या आज्ञा येतात यावरून 2020 मध्ये ठरलेल्या एक्स86-64 च्या पातळ्यांमुळे थोडी शिस्त आली खरी, परंतु एडीसीएक्स आणि एडीओएक्स तिसऱ्या पातळीतही येत नाहीत, त्यामुळे बायनरीवर ‘व्ही3’ (तिसरी पातळी) अशी खूण पाहून निर्धास्त होणे बरोबर नाही.

शोध घेण्यासाठी लिनक्सवर आधी डीमेसेज, म्हणजे कर्नलच्या नोंदी, पाहावे. ‘इनव्हॅलिड ऑपकोड’ या नोंदीत बहुधा लायब्ररीच्या फाइलचे नावही असते, आणि दोषी जीएमपी आहे, ओपनब्लास ही मॅट्रिक्स-गणिताची लायब्ररी आहे की आणखी कोणी, हे तिथेच कळते. जीडीबी या डीबगरमध्ये थांबलेल्या ठिकाणची आज्ञा वाचून ती प्रोक-सीपीयूइन्फो या फाइलमधल्या फ्लॅगच्या (इथे प्रोसेसरच्या क्षमतांच्या) यादीशी ताडली, की शंका उरत नाही.

यावर ‘मग स्रोतापासून स्वतःच बांधा’ हा सल्ला सर्रास दिला जातो. सेज बांधायला साध्या लॅपटॉपवर कित्येक तास लागतात, हे सल्ला देणारे सहसा सांगत नाहीत. माझ्या मते ही जबाबदारी बायनरी वाटणाऱ्याची आहे, कारण साधने केव्हाचीच उपलब्ध आहेत: जीएमपी बांधताना ‘एनेबल-फॅट’ हा पर्याय दिला की अनेक पिढ्यांचा कोड एकाच फाइलीत राहतो आणि निवड प्रोग्राम चालताना होते, ओपनब्लासमध्ये तेच काम ‘डायनॅमिक-आर्च’ हा पर्याय करतो. फाइल थोडी फुगते, वेग जवळजवळ तसाच राहतो. पण शेकडो लायब्ररींपैकी एकच जरी ‘मार्च-नेटिव्ह’ (फक्त बांधणाऱ्या यंत्राच्या प्रोसेसरसाठी कोड बनवणारा पर्याय) देऊन बांधली गेली, तरी बाकीच्यांची सगळी काळजी वाया जाते.

क्लस्टरवर, म्हणजे एकत्र जोडलेल्या अनेक संगणकांच्या (नोडच्या) समूहावर, हाच प्रश्न उलट्या बाजूने येतो. वापरकर्ते जिथे प्रवेश करतात तो लॉगिन नोड नवा आणि गणन करणारे नोड जुने असतील, तर स्वतः बांधलेले सॉफ्टवेअरसुद्धा रांगेतून पुढे सरकल्यावर कोसळते. तिथे लॉगिन नोडवर न बांधता, सर्वांत जुन्या नोडवर एक इंटरॅक्टिव्ह सत्र मागून घ्यावे आणि बांधणी तिथेच करावी.