मालधक्क्याची उंची

आजची दुपार एका बंद मालधक्क्यावर गेली. परवानगीचं पत्र जवळ होतं, आणि सोबत याच यार्डात नोकरी करून निवृत्त झालेले एक शंटर, म्हणजे डबे जोडणारे-सोडवणारे कर्मचारी होते, त्यामुळे घाई नव्हती. अशा जागा मला डोळ्यांपेक्षा पायांना आधी कळतात. धक्क्याच्या दगडी काठावरून चालताना एका ठिकाणी पाऊल किंचित खाली बसलं. तिथल्या दगडाला उथळ खोलगटपणा आलाय. वाघिणीचं, म्हणजे मालडब्याचं, दार नेमकं तिथे यायचं. वर्षानुवर्षं त्याच जागी फळी टाकून पोती ओढली, पिंपं लोळवली, आणि दगड झिजला. हातभर पलीकडच्या दगडावर मात्र टाकीचे घाव अजून शाबूत आहेत.

उंची मोजली. रुळाच्या माथ्यापासून मीटरभर, थोडी वरच. प्रवाशांचा फलाट सखल असला तरी चालतं, माणूस पायरी चढून डब्यात जातो. मालाला पायरी चढता येत नाही. म्हणून वाघिणीचा तळ आणि धक्क्याचा पृष्ठभाग जवळपास एका पातळीत हवा, आणि मागच्या बाजूला रस्त्यावरच्या गाडीचाही तळ तिथेच यायला हवा. सगळी शेड या एका हिशेबावर उभी असते. भिंती, छप्पर, कारकुनाची खोली, हे सगळं त्यानंतर येतं. छप्पर कोसळलेल्या शेडमध्येही हा हिशेब वाचता येतो, म्हणून मला पडक्या शेडचं वाईट कमी आणि धक्का सपाट करून टाकलेल्या जागेचं वाईट जास्त वाटतं.

शंटरसाहेबांनी यार्डाचा उतार दाखवला. नुसत्या नजरेला तो दिसत नाही. वाघीण इंजिनापासून मोकळी सोडायची, ती आपल्या वजनाने चालू लागायची, आणि तिच्या बाजूने धावत जाऊन हाताचा ब्रेक दाबायचा. पावसात, रात्री, खडीवरून. हे सांगताना त्यांचा हात आपोआप खाली दाबला जात होता. बफरला, म्हणजे धक्का झेलणाऱ्या दट्ट्याला, लागलेली वाघीण आवाजावरून भरलेली की रिकामी, हे त्यांना ओळखता यायचं.

गवत बाजूला केल्यावर रुळाच्या पोटावर उठावाची अक्षरं सापडली: कारखान्याचं नाव, वर्ष, वजनाचा आकडा. ही अक्षरं पोलाद लाटतानाच उमटतात, त्यामुळे ती सहज पुसली जात नाहीत. फक्त त्या वर्षावरून यार्डाचं वय ठरवू नये. मुख्य मार्गावर झिजलेले रूळ काढून सायडिंगला, म्हणजे बाजूच्या मार्गाला, घालण्याची पद्धत जवळपास सगळीकडे होती. यार्डापेक्षा रूळच म्हातारा, असं सर्रास आढळतं.

एवढं नीट बांधलेलं बंद का पडलं, हे उघड आहे. पूर्वी एखादा व्यापारी लहान स्टेशनावर एकच वाघीण भरायचा. ती वाटेतल्या यार्डांमधून वेगवेगळ्या गाड्यांना जोडली जात, दिवसचे दिवस उभी राहत मुक्कामाला पोहोचायची. ट्रक तोच माल दारातून दारात नेऊ लागला. १९५६ साली अमेरिकेत न्यूअर्कहून ‘आयडियल एक्स’ हे जहाज कंटेनर घेऊन निघालं, आणि पुढे मधल्या हाताळणीची गरजच कमी होत गेली. ब्रिटनमध्ये रेल्वेच्या फेररचनेवरच्या १९६३ च्या बीचिंग अहवालाने दोन हजारांहून जास्त स्टेशनं बंद करण्याची शिफारस केली. रेल्वेला अख्खी गाडी एका टोकाहून दुसऱ्या टोकाला न्यायची होती. हा निर्णय मला समजतो. त्याच्या मागे राहिलेल्या जागांची साधी नोंदही झाली नाही, ते मात्र समजत नाही.

देखण्या इमारतींना वाली मिळतो. स्पेनमधलं कॅनफ्रांक स्टेशन १९२८ साली सुरू झालं. १९७० साली फ्रान्सच्या बाजूला मालगाडीच्या अपघातात पूल कोसळला आणि सीमेपलीकडची वाहतूक थांबली. अनेक दशकं ओस पडलेली ती अवाढव्य इमारत २०२३ पासून हॉटेल आहे. आनंदच आहे. पण मला बर्लिनचं स्युडगेलेंडे जास्त पटतं. १९५२ साली बंद पडलेलं हे यार्ड २००० साली निसर्गउद्यान म्हणून खुलं झालं. रुळांमधून झाडं वाढली आहेत, आणि त्यांच्यामध्ये इंजिन फिरवायचं टर्नटेबल आणि पाण्याची टाकी तशीच ठेवली आहे. कामाची जागा कामाची म्हणून ओळखू येते, हे मोलाचं.

अशा ठिकाणी जाणाऱ्यांसाठी एवढंच: परवानगीशिवाय जाऊ नका, आणि गंजलेला रूळ दिसला म्हणून त्यावरून काहीच धावत नाही असं धरू नका. वजनकाट्याचा आणि इंजिनाखालच्या तपासणीचा खड्डा गवताखाली किंवा कुजक्या फळ्यांखाली दडलेला असतो. सिमेंटच्या जुन्या पत्र्यांमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. फुटलेल्या तुकड्यांना हात लावायचा नाही.

शेवटचा तासभर सिग्नल आणि सांधे जिथून हलवायचे त्या केबिनमध्ये काढला. ब्रिटिश पद्धतीची लीव्हरची रांग. थांबा-सिग्नलचे लीव्हर तांबडे, गाडीची वाट बदलणाऱ्या सांध्यांचे काळे, सांधे पक्के करणाऱ्या कुलपांचे निळे. जो वापरातून गेला तो पांढरा. इथे पांढरे इतके आहेत की यार्ड एका दिवसात बंद झालं नाही हे लगेच कळतं. आधी एक सायडिंग, मग दुसरी, मग वजनकाट्याची वाट. दर वेळी कुणीतरी ब्रश घेऊन वर आला असेल.

प्रत्येक लीव्हरवर पितळी पट्टी आहे. हा ओढण्याआधी कोणते ओढलेले असायला हवेत, त्यांचे आकडे तिच्यावर कोरलेत. हे आकडे पूर्ण मिळाले तर निम्मे रूळ उखडले गेले असूनही कोणती वाट कुठे फुटायची, हे बरंचसं कागदावर मांडता येईल. बहुतेक पट्ट्यांवरचे आकडे लिहून घेतले. खिडकीकडच्या टोकाच्या झिजल्यात, त्यांच्यावर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासून छाप घ्यावा लागेल. शंटरसाहेब म्हणाले, त्या बाजूच्या वाटा त्यांना तोंडपाठ आहेत. त्यांच्याकडून आधी नकाशा काढून घेतो, मग छापाशी ताडून बघतो.