आईची सही

आज आईबरोबर ठाण्याच्या दुय्यम निबंधक कार्यालयात गेले होते. आजोबांच्या नौपाड्यातल्या घराचं हक्कसोडपत्र. मामाने कागद आधीच तयार ठेवले होते. फोटो, अंगठ्याचा ठसा, सही. संपलं.

आजोबा अंथरुणाला खिळले तेव्हा रोज कळव्याहून डबा घेऊन जाणारी आईच होती. तेव्हा कुणी म्हणालं नाही, लेक परक्या घरची म्हणून.

वडील मृत्युपत्र न करता गेले तर त्यांनी स्वतः घेतलेल्या घरात मुलीचा वाटा मुलाएवढाच, हे १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यातच आहे. वडिलोपार्जित मालमत्तेतला समान हक्क २००५ च्या दुरुस्तीने आला. काल रात्री तिला हे सगळं समजावलं. शांतपणे ऐकून म्हणाली, "अगं, घर घेऊन माहेर गमावू का?"

मला उत्तर सुचलं नाही. मामा वाईट नाही, जीव लावतो आमच्यावर. पण बहीण हवी की घर, असं त्याला कुणी कधी विचारलं? हा प्रश्न फक्त तिच्याच वाट्याला का यावा? फार लागलंय मनाला.

परतताना ती गावदेवी मंडईत थांबली. अळूची पानं निवडून घेतली. रविवारी मामाकडे जायचंय, त्याला अळूवड्या आवडतात.